जबाबातून गळलेली ओळ

8 मे 2013, बुधवार. रात्री साडेनऊला टाइम ऑफिसच्या क्लार्कचा फोन आला. "साहेब, आबांनी सुपरवायझरला मारलं. लगेच या."

आमची फाउंड्री कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत. कायम कामगार 180 च्या आसपास, कंत्राटी त्याहून जास्त. मी तिथं पर्सोनेल ऑफिसर होतो. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, एमएसडब्ल्यू, होऊन चार वर्षं झाली होती. दांडी, उशीर, तिसऱ्या पाळीत झोपणं, मोबाईलवर बोलत मशिनवर उभं राहणं, अशा कारणांचे मेमो मी तोवर बरेच काढले होते. हात उचलल्याचं प्रकरण पहिलंच.

आणि हात उचलला होता आबांनी. मोल्डिंग लाइनवर 22 वर्षं काढलेला माणूस. प्लँट हेडसुद्धा त्यांना आबाच म्हणायचे. साच्यात वाळू कुठं सैल राहिलीय ते नुसतं बोटानं दाबून सांगणारे. मी गाडी काढली तेव्हा डोक्यात एकच होतं, की क्लार्कनं नाव चुकीचं ऐकलं असणार.

नाव बरोबर होतं. आबांची दुसरी पाळी होती. मे महिना, उसाला पाणी नाही आणि शेतीपंपाची लाइट त्या आठवड्यात रात्रीची. नऊला सोडा म्हणून त्यांनी पाळीच्या सुरुवातीलाच गेटपास मागितला होता. सुपरवायझर 'बघू' म्हणाला. नऊ वाजता मात्र फर्नेसची हीट तयार झाली, लाइनवर दोन माणसं आधीच गैरहजर होती, आणि तो म्हणाला, आता सोडत नाही. त्याचीही अडचण खरी होती. लोखंडाचा रस तयार झाला की थांबता येत नाही. लाडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, तो गार व्हायला लागला तर कास्टिंगमध्ये कोल्ड शट, म्हणजे रस न जुळल्याच्या भेगा, येतात, नाहीतर सगळा रस पिगमध्ये, म्हणजे साध्या ठोकळ्यांच्या साच्यात, ओतून टाकावा लागतो. पोरगा 26 वर्षांचा, डिप्लोमा झालेला. पहिल्या पाळीचा सुपरवायझर न आल्यानं सकाळपासून तोच उभा होता. आबा गेटपास न घेताच निघाले, तो मागोमाग धावला, आणि टाइम ऑफिसच्या दारात ती थोबाडीत बसली.

मी पोहोचलो तेव्हा आबा बाकावर मान खाली घालून बसले होते. मी विचारलं, "आबा, काय झालं?" ते म्हणाले, "मारलं साहेब. काय करायचं ते करा."

जबाब त्याच रात्री घ्यायचे हे मला माहीत होतं. सकाळपर्यंत थांबलं की लोक एकमेकांशी बोलतात आणि प्रत्येकाची गोष्ट दुसऱ्यासारखी होत जाते. सुपरवायझरचा जबाब घेतला. लाडलवरच्या कंत्राटी पोराला बोलावलं, तो म्हणाला, "माझी पाठ होती तिकडं." मग गेटवरचा सिक्युरिटी गार्ड. सगळ्यात जवळ तोच उभा होता. तो बोलत गेला आणि मी फुलस्केपवर लिहीत गेलो. केबिनमध्ये प्लँट हेड येरझारा घालत होते आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होते, "मुद्द्याचं लिहा. मारलं की नाही, एवढंच."

गार्डनं मला सगळं सांगितलं होतं. सुपरवायझरनं आबांना अरे-तुरे केलं, 'शेतीच करायची तर कंपनीत कशाला मरतोस' म्हणाला, आणि आईवरून शिवी दिली. आबा म्हणाले, आईवर जायचं काम नाही. त्यानं तीच शिवी पुन्हा दिली आणि दंडाला धरून मागं ओढलं. मग आबांचा हात गेला.

मी लिहिलं ते असं: 'दोघांमध्ये शाब्दिक बाचाबाची झाली. त्यानंतर सदर कामगाराने सुपरवायझर यांच्या डाव्या गालावर उजव्या हाताने जोरात चापट मारली.' रात्रीचे साडेबारा वाजले होते, गेटवर दुसरं कुणी नव्हतं, आणि गार्डनं न वाचता सही केली.

मी हे का केलं, याचा नंतर खूप विचार केला. शिव्या अधिकृत कागदात कशा लिहायच्या हा संकोच होता. मालकाच्या बाजूच्या माणसाविरुद्ध कागद तयार होईल ही भीतीही होती, ती मी तेव्हा स्वतःशीही कबूल केली नव्हती. आणि खरोखर वाटत होतं, की शिवी काय, रोज शंभर दिल्या जातात, प्रकरण मारण्याचं आहे.

दुसऱ्या दिवसापासून आबांचं निलंबन सुरू झालं. बाहेरच्या लोकांना निलंबन म्हणजे शिक्षा वाटते. चौकशी होईपर्यंत माणसाला कामापासून दूर ठेवायचं, एवढाच या निलंबनाचा अर्थ. त्या काळात निर्वाह भत्ता द्यावा लागतो: पहिले 90 दिवस निम्मा पगार, त्यानंतर कामगाराच्या चुकीनं चौकशी लांबली नसेल तर 75 टक्के. हा भत्ता अडवून ठेवणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. त्या स्वतःचीच चौकशी मोडीत काढतात, कारण उपाशी माणसाला बचावाची पूर्ण संधी मिळाली असं कोर्ट सहसा मानत नाही.

मग आरोपपत्र. माझा पहिला मसुदा कंपनीच्या सल्लागार वकिलांनी लाल शाईनं भरून परत पाठवला. मी लिहिलं होतं, 'आपण दि. 8 रोजी वरिष्ठांशी गैरवर्तन व बेशिस्तीचे वर्तन केले.' त्यांनी फोनवर विचारलं, "कुठल्या वरिष्ठाशी? किती वाजता? कुठं उभे होते? काय बोलले, काय केलं? हे वाचून त्या माणसाला उत्तर देता येईल का?" आरोपपत्र वाचणाऱ्याला ती घटना डोळ्यासमोर दिसली पाहिजे, आणि स्थायी आदेशांमधलं, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमावलीतलं, कुठलं कलम मोडलं ते त्यात आलं पाहिजे. 1946 चा स्थायी आदेशांचा कायदा महाराष्ट्रात 50 कामगारांच्या कारखान्यालाही लागू होता. आमच्याकडे आदर्श, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या नमुन्याचे, स्थायी आदेश होते. गेटजवळच्या फलकावर ते इंग्रजीत आणि मराठीत लावलेले, पण उन्हानं इतके फिकट झालेले की मी स्वतः ते तिथं कधी वाचले नव्हते. आरोपपत्र मी मराठीत काढलं. तोवर आमच्याकडे ते इंग्रजीत जायचं आणि कामगार ते घेऊन कुणातरी शिकलेल्या पोराकडे जायचा. आरोप दोन होते: वरिष्ठावर हात उचलणं आणि परवानगीशिवाय कामाची जागा सोडणं.

आबांचा खुलासा आठवड्यात आला. अक्षर युनियनच्या सेक्रेटरींचं होतं, शब्द आबांचे होते. 'मारले हे खरे आहे. त्याआधी माझ्या आईवरून दोनदा शिवी दिली व दंड धरला. मला त्याचे वाईट वाटते, पण शिवी दिली हेही लिहून घ्यावे.'

प्लँट हेडनी पहिलं वाक्य वाचून कागद खाली ठेवला. "कबूल आहे ना? मग चौकशी कशाला? आठ दिवसांत मोकळं करा." चारही सुपरवायझर त्यांना भेटून गेले होते. आबा परत आले तर आम्ही काम करणार नाही, असं सांगून. त्या मुलांचंही मला समजत होतं. रात्रीच्या पाळीत 40 माणसांसमोर एकटं उभं राहायचं आणि कुणीही थोबाडीत द्यावी, हे कुणी का सहन करावं?

वकिलांनी समजावलं की ही कबुली नव्हे. 'मारलं, पण' असं म्हणणाऱ्याचा 'पण' ऐकून घ्यावाच लागतो. महाराष्ट्रात 1971 चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधाचा कायदा आहे. नैसर्गिक न्याय गुंडाळून ठेवून किंवा अवाजवी घाईनं चौकशी उरकून कामगाराला काढणं, ही त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथाच धरली आहे. प्लँट हेड म्हणाले, "ठीक आहे, करा. पण निकाल काय लागणार ते मला माहीत आहे."

चौकशी अधिकारी म्हणून कोल्हापुरातले दुसरे एक वकील नेमले. सल्लागार वकिलांना नेमता आलं नसतं, आरोपपत्र त्यांच्या हाताखालून गेलं होतं. व्यवस्थापनाचा प्रतिनिधी मी. आबांच्या बाजूनं युनियनचे सेक्रेटरी. कामगाराला आपल्याच खात्यातला सहकारी किंवा आपल्या युनियनचा पदाधिकारी बचावासाठी घेता येतो. हे सेक्रेटरी कोअर शॉपमध्ये ऑपरेटर होते. दहावी शिकलेले, पण समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत मधे बोलायचे नाहीत. ती सवय मी कुठल्याही वकिलात क्वचित पाहिली.

पहिली बैठक जूनच्या सुरुवातीला ट्रेनिंग रूममध्ये झाली. चौकशी अधिकाऱ्यांनी आबांना खुर्चीवर बसायला सांगितलं. ते उभेच राहिले होते. मग आरोप एकेक करून मराठीत वाचून दाखवले, समजले का विचारलं, चौकशी कशी चालेल ते सांगितलं. सगळं रोजनाम्यात, म्हणजे बैठकीच्या नोंदीत, टाइप झालं, पानापानावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, प्रत तिथल्या तिथं आबांच्या हातात दिली. ती प्रत त्यांनी टोपीत ठेवली, मग काढून सेक्रेटरींच्या पिशवीत दिली.

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत सुपरवायझरची साक्ष झाली. सरतपासात, म्हणजे माझ्या प्रश्नांना उत्तरं देताना, त्यानं घटना नीट सांगितली. उलटतपासात सेक्रेटरींनी त्याला किती वाजता कामावर आलात, पहिल्या पाळीचा माणूस का आला नाही, जेवण कधी केलं, असले प्रश्न विचारले. मला वाटलं हे भरकटतायत. मग शांतपणे विचारलं, "इतकं दमल्यावर माणसाच्या तोंडून एखादा शब्द जातो, गेला का?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मला आठवत नाही." शिवी दिली नाही, असं तो म्हणाला नाही. रोजनाम्यात 'आठवत नाही' हेच शब्द गेले.

चौथी बैठक जुलैत. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता आणि खोलीच्या पत्र्यावर पावसाचा इतका आवाज होता की टायपिस्टला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं. त्या दिवशी गार्डची साक्ष होती. मी त्याचा जबाब त्याच्यासमोर ठेवला, सही तुमचीच का विचारलं, तो हो म्हणाला. माझं काम दहा मिनिटांत संपलं.

सेक्रेटरींनी जबाबाचा कागद उचलला. "हितं 'बाचाबाची' असं लिवलंय. हा शब्द तुमचा का?"

गार्डनं माझ्याकडे बघितलं. "न्हाई. मी काय काय बोलणं झालं ते सगळं सांगितलं हुतं. शिवी कुठली, किती डाव दिली, हात कुठं धरला. साहेबांनी लिवून घेतलं न्हाई."

चौकशी अधिकाऱ्यांनी टायपिस्टला थांबवलं नाही. ते वाक्य जसंच्या तसं उतरलं. मग त्यांनी मला विचारलं, फेरतपास घ्यायचा आहे का, म्हणजे गार्डला पुन्हा प्रश्न विचारायचे आहेत का. फेरतपासात मी त्याला घेरू शकलो असतो. मग दोन महिने का गप्प बसलास, सही का केलीस, युनियनचं कोण तुला भेटलं? तो कंत्राटी एजन्सीचा माणूस, दोन प्रश्नांत गडबडला असता. मी म्हणालो, "नाही." खुर्चीवर बसलेले आबा खिडकीकडे बघत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून चौकशी अधिकाऱ्यांच्या नावे पत्र लिहिलं: गार्डनं जबाबाच्या वेळी मला तपशील सांगितला होता, मी तो लिहिला नाही, मला प्रतिनिधी म्हणून मोकळं करावं आणि साक्षीदार म्हणून तपासावं. प्रत प्लँट हेडना दिली. त्यांनी दार लावून घेतलं. "तुमचा पगार कोण देतं?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "कंपनी देते. उद्या हे लेबर कोर्टात निघालं तर कंपनीचाच कागद खोटा ठरेल." हे खरं होतं, पण पत्र लिहिताना माझ्या मनात कोर्ट नव्हतं, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं असावं. पुढचे काही महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्या वर्षी माझी पगारवाढ झाली नाही.

अकाउंट्सचे एक अधिकारी प्रतिनिधी झाले आणि पाचव्या बैठकीत मी साक्षीदाराच्या खुर्चीत बसलो. सेक्रेटरींनी मला चारच प्रश्न विचारले. शेवटचा होता, "तुम्ही ते का लिवलं न्हाई?" मी सांगितलं, की मला ते महत्त्वाचं वाटलं नाही, आणि वाटलं तेव्हा उशीर झाला होता. ते म्हणाले, "झालं." त्यांनी मला अजून ओरबाडलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

सहावी बैठक आबांच्या स्वतःच्या साक्षीची. ती पाऊण तासात आटोपली. मारल्याबद्दल काय म्हणायचंय असं विचारल्यावर ते म्हणाले, "माझ्या पोराएवढा हाय तो. हात उचलायला नको हुता."

ऑगस्टच्या मध्यावर अहवाल आला. हात उचलल्याचा आरोप सिद्ध. परवानगीशिवाय जागा सोडल्याचा सिद्ध. त्यापुढं चौकशी अधिकाऱ्यांनी वेगळा परिच्छेद लिहिला होता: कृत्यापूर्वी दोनदा शिवीगाळ व दंड धरून ओढणे या गोष्टी साक्षीवरून दिसून येतात, शिक्षा ठरवताना त्याचा विचार व्हावा. अहवालाची प्रत जोडून आबांना दुसरी कारणे दाखवा नोटीस दिली. अहवाल न दाखवता शिक्षा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1993 मध्ये स्पष्ट केलं आहे, तरी ही पायरी गाळणारे कारखाने आजूबाजूला होतेच.

आता खरा पेच आला. आदर्श स्थायी आदेशांमध्ये तेव्हा शिक्षा कुठल्या होत्या? ताकीद. दंड, तोही वेतन प्रदान कायद्याच्या मर्यादेत, म्हणजे त्या महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या आत. जास्तीत जास्त चार दिवसांचं शिक्षा म्हणून निलंबन. आणि त्यानंतर थेट बडतर्फी. चार दिवस आणि कायमचं घरी बसणं, यांच्यामध्ये काहीच नाही. ज्या कारखान्यांनी स्वतःचे स्थायी आदेश प्रमाणित करून घेतलेत, त्यातल्या काहींत वेतनवाढ रोखण्यासारखी मधली शिक्षा असते. आमच्याकडे नव्हती. माझ्या मते अनेक बडतर्फ्या या पोकळीमुळे होतात. चार दिवस कमी वाटतात, म्हणून व्यवस्थापन दुसऱ्या टोकाला जातं आणि मग माणूस आठ-दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतो.

मी टिपण लिहिलं. त्याच स्थायी आदेशांत म्हटलंय, की शिक्षा देताना गैरवर्तनाचं गांभीर्य, मागची नोंद आणि सौम्य किंवा गंभीर करणारी परिस्थिती पाहावी. आबांची फाइल मी पहिल्या पानापासून वाचली. 22 वर्षांत एक मेमो, 2004 चा, तीन दिवस न कळवता राहिल्याचा. सल्लागार वकिलांनी त्याखाली लिहिलं, की अशा नोंदीवर बडतर्फ केलं तर शिक्षा धक्कादायकरीत्या विषम ठरेल. त्या ओळीनं प्लँट हेड वळले असं मला वाटत नाही. सुपरवायझर स्वतः त्यांना भेटून गेला होता. काय बोलला ते मला कळलं नाही, पण त्यानंतर त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "चार दिवस. आणि त्या पोरालाही पत्र द्या."

आबांना चार दिवसांचं निलंबन आणि लेखी ताकीद. निलंबनकाळातल्या उरलेल्या पगारावर युनियनशी बोलणी होऊन निम्म्यावर समझोता झाला. सुपरवायझरला लेखी समज दिली गेली. 'कामगारांशी बोलताना अपशब्द वापरू नयेत' असं ते पत्र. आमच्याकडे सुपरवायझरला असं पत्र पहिल्यांदाच गेलं. बाकीचे तीन सुपरवायझर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, राजीनामा मात्र कुणी दिला नाही. त्या मुलानं पुढच्या वर्षी चाकणला नोकरी धरली. जाताना तो मोल्डिंग लाइनवर जाऊन आला, एवढं मी पाहिलं.

117 दिवसांनी, गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात, आबा कामावर आले. टाइम ऑफिसमध्ये रुजू पत्रावर सही करताना मी म्हणालो, "आबा, तो जबाब मी चुकीचा लिहिला होता." ते म्हणाले, "ऊस वाळला साहेब यंदा. निम्मा वाळला." मग सुरक्षा बुटांच्या नाड्या बांधून आत गेले. मला त्यांनी माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर मी जबाब स्वतः लिहिणं बंद केलं. ज्याला लिहिता येतं तो स्वतःच्या अक्षरात लिहितो, ज्याला येत नाही त्याला दोन माणसांसमोर मोठ्यानं वाचून दाखवतो, शिवीसकट. पहिल्या-पहिल्यांदा ते वाचताना माझी जीभ अडखळायची.

गार्डचं राहिलं. ऑगस्टमध्येच त्याच्या एजन्सीनं त्याची बदली कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत केली. त्याचं घर टोप गावात, म्हणजे आमच्या गेटपासून सायकलनं जाण्याएवढं. तिकडं रोज दोन वडाप, म्हणजे शेअर जीपा, बदलून जायचं. एजन्सीला कुणी सांगितलं ते कुणी मला सांगितलं नाही. मी दोनदा पत्र लिहिलं, एकदा त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो. 'साइटची गरज' असं उत्तर मिळालं.

डिसेंबरमध्ये दुसऱ्या कामासाठी कागलला गेलो तेव्हा त्याच्या गेटवर थांबलो. त्यानं ओळखलं. "आबा आले का कामाला?" हा त्याचा पहिला प्रश्न. मी हो म्हणालो. बदलीबद्दल बोलायला लागलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब." मग गाडीचा नंबर आणि वेळ रजिस्टरमध्ये लिहून त्यानं ते माझ्यापुढं केलं. "वाचून बघा," म्हणाला, "आणि मग सही करा."